संघर्षच्या पसंतीचं

यवतमाळचा अनिमेष आणि आर्णीचा संघर्ष यांची मैत्री फोनवरची, ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या वेडातून जुळलेली. संघर्ष आवडलेली डीजे मिक्स पाठवायचा, अनिमेष ऐकून कळवायचा. पावसाळ्यानंतर संघर्षने लिहिणं सोडलं, नुसती गाणी येत राहिली. काळजीने अनिमेष त्याच्या घरी गेला. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी संघर्षचा हार घातलेला फोटो होता.

"दादा कपाशी फवारायले गेलता. विषबाधा झाली," बहीण पायल म्हणाली. "तवापासून त्याच्या फोनवरून त्यानं जमवलेले गाणे आई पाठवते. तिले लिहिता-वाचता येत नाही. तुमचं उत्तर आलं का मी वाचून दाखवतो. मंग ती जेवते."

परतीच्या एसटीत फोन वाजला. नवं मिक्स आलं होतं.



अनिमेषने ते शेवटपर्यंत ऐकलं आणि लिहिलं, "संघर्ष, भारी आहे रे. उद्या कोणतं पाठवतोस?"