उलटी गिटार

कलकत्त्याहून पार्सलनं सुट्या भागांची इलेक्ट्रिक गिटार आली खरी, पण ती उजव्या हातानं वाजवणाऱ्याची, आणि तेजरामचा शामसुंदर तर जन्माचा डावखुरा. भिलाईच्या प्लांटात साच्यांचे लाकडी नमुने घडवण्यात तेजरामची हयात गेलेली, त्यानं सागवानाची अख्खी बॉडीच उलटी कापली, तारांच्या खाचा उलटवल्या, वर चपड्याच्या पॉलिशचे सात हात मारले. नागपूरच्या हॉस्टेलातून पोरगा दसऱ्याला घरी आला, तेव्हा हत्यारांच्या पूजेतली गिटार उचलून तेजरामनं त्याच्या मांडीवर ठेवली.

"घे बेटा! खास तुह्या डाव्या हातासाठी बनवली."

शामसुंदर डाव्या मनगटावरचा जुना डाग चोळत राहिला.

"डाव्या हातानं जेवतो म्हणून चमचा तापवून तुमीच त मले उजवा बनवलं, बाबा."