उभ्याची नोकरी

"स्टूल कुठं गेलं?"

"माळ्यावर टाकलं," मॅनेजर मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला. "गिऱ्हाईक आत येतं आणि बाई बसलेल्या. बरं दिसत नाही."

बुटांच्या त्या दुकानात ती अकरा वर्षं उभी होती. गेले चार महिने सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टेकलं, की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी कागदावर पाऊल काढून दाखवलं होतं. तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो. तो सारखा ताणला जाऊन टाचेपाशी दुखावलाय. व्यायाम, बर्फ, मऊ टाचेची चप्पल आणि मधूनमधून बसणं. बाकी सगळं ती करत होती.

"डॉक्टरांची चिठ्ठी दिली होती मी."

"टाच काय, सगळ्यांचीच दुखते हो. मनावर घेतलं की जास्त दुखते."

तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात एक बस कंडक्टर लंगडत आत आला, म्हणून ती गप्प बसली. म्हणजे उभीच राहिली.

"सकाळी पाऊल टाकवत नाही बघा," कंडक्टर बाकावर टेकत म्हणाला.

तिनं गुडघ्यावर बसून त्याची टाच दाबली. तो कळवळला.

"उठायच्या आधी टॉवेल पायाच्या पंजाला अडकवून स्वतःकडे ओढा. बाटलीत पाणी गोठवून तळव्याखाली घोळवा. घरातसुद्धा अनवाणी नको. महिने लागतात, पण बरं होतं. आणि जमेल तेव्हा बसा."

"बसतो की. आम्हाला सीट असते. तुमचं काय?"

"आमच्या बाईंना सगळं ठाऊक!" मॅनेजर कौतुकानं म्हणाला. "अकरा वर्षांचा अनुभव आहे."

ती उठली. कळ पोटरीपर्यंत चढली. मग ती सरळ कंडक्टरशेजारी बाकावर बसली, चप्पल काढली आणि पाय पुढे केला.

"सहा नंबर दाखवा. मऊ टाचेचा."

"अहो, हे काय चाललंय?"

"गिऱ्हाईक आहे मी. आता बरं दिसतंय ना?" तिचा आवाज चढला होता. "खाली बसा आणि माप घ्या!"

कंडक्टर बाजूला सरकला. "आधी ह्यांचं बघा. मला घाई नाही."

मॅनेजर फळ्यांकडे वळला. एक खोका काढला, परत ठेवला, दुसरा काढला. सहा नंबर कुठं असतो, ते त्याला माहीतच नव्हतं.