पांढऱ्या अस्वलांची बोलणी

“बर्फ घटलाय म्हणत्यात, आन् अस्वलं तर वाढलीत म्हणत्यात. मग ती ऱ्हात्यात कुठं, आमच्या फ्रिजात?”

पोह्यांची बशी पुढे सरकवत भीमरावांनी योगेशला विचारलं. त्यांच्या मुलीनं, ऋतुजानं, योगेशकडे बघून हळूच नकारार्थी मान हलवली.

योगेश उत्तर ध्रुवाकडच्या समुद्री बर्फाचा अभ्यास करायचा. आज तो लग्नाच्या बोलणीला आला होता, आणि अण्णांनी, म्हणजे भीमरावांनी, हो म्हटल्याशिवाय हडपसरच्या या घरात साधे पडदेसुद्धा बदलत नसत. महिन्यापूर्वी तिनं योगेशचं काम घरात सांगितलं. तेव्हापासून मार्केट यार्डात कांद्याचा गाळा चालवणाऱ्या या माणसाला पांढऱ्या अस्वलांनी झपाटलं होतं. जेवताना अस्वलं, टीव्हीसमोर बर्फ, आणि वर ‘समदं थोतांड हाय’ हे पालुपद.

म्हणून सकाळीच तिनं योगेशला फोनवर बजावलं होतं, “प्लीज, आज सायन्स नको. सोयरीक जुळेपर्यंत मुलीच्या बापाचं बोलणं खोडायचं नसतं. अण्णा म्हणतील ते बरोबर.”

“तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, काका,” योगेश म्हणाला.

ऋतुजाचा जीव भांड्यात पडला.

“बर्फ उन्हाळ्यात इतळतो, थंडीत परत गोठतो. त्यात नवं काय?” भीमराव पुढे झुकले. “तुम्ही सोता तिथं जाऊन आलाय. खरं सांगा.”

योगेशनं पोह्यांतला शेंगदाणा बाजूला सारला. त्याचे कान लाल झाले होते.

“गोठतो खरा, काका.”

“म्हंजे काळजीचं काय न्हाय?”

“तसं… फारसं नाही.”

भीमराव त्याच्याकडे बघत राहिले. मग हसले. “घ्या, पोहे गार व्हायलेत.”

पुढं सगळं कसं लोण्यासारखं झालं. आवाज चढला नाही, कुणी ताटावरून उठलं नाही. आईनं आग्रह करकरून शिरा वाढला. भीमराव पाहुण्याला सोडायला फाटकापर्यंत गेले, तेव्हा ऋतुजानं स्वयंपाकघरात आईला मिठीच मारली. महिनाभराचं ओझं उतरलं होतं. उगाच घाबरलो आपण, तिला वाटलं. देव पावला.

भीमराव परत येऊन खुर्चीत बसले.

“मग अण्णा, गुरुजींना तारीख विचारायची ना?”

“न्हाय.”

“म्हणजे? तुमच्या एका शब्दाला तरी तो नाही म्हणाला का?”

“तेच तर.” भीमरावांनी चष्मा काढला. “त्याचं भाषण मी मोबाइलवर दोनदा ऐकलंय. बर्फ घटतोय, हे लई ठासून सांगितलंय पोरानं. मला पटलंय बी. यार्डात मी समोरच्याच्या मालाला आधी नावं ठेवतो, पोरी. ज्याचा माल चोख, त्यो माझ्या अंगावर येतो. उद्या सासरी तुला कुनी नावं ठेवली, तर ह्यो असाच पोहे खात बसंल.”