पिंपातलं इंजिन

सत्याप्पांच्या बोटीचं इंजिन नागेंद्र मिस्त्रीनं अंगणात पाण्याच्या पिंपाला अडकवलं होतं. रेस दिली की खणखणीत चालायचं, रेस उतरवली की दोन आचके देऊन गप. कार्बोरेटर धुऊन झाला, प्लग बदलला, पेट्रोल नवं घातलं. शेवटी वैतागून त्यानं हात पुसले.

"आप्पा, आता ह्याच्या नादाला लागू नका. जोरात चालतंय न्हवं? वेदगंगेच्या पुरात हळू जायाचं कुणाला असतंय?"

सत्याप्पा पिंपातल्या पाण्याकडं बघत राहिले.

"छपरावरच्या माणसाला घेताना बोट हळू करावी लागती रं. गेल्या पुरात आमच्या हिनं छपरावरनं हात पुढं केला, आन् ह्ये असंच बंद पडलं."