आवाज करणारा पंखा

नव्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर प्रमिलाबाईंनी आधीच निवडला होता, ओव्हरक्लॉक होणारा म्हणजे वेग वाढवून पळवता येणारा, दुकानातला सगळ्यात जास्त तापणारा. आता दुकानदार योगराजनं काउंटरवर प्रोसेसर थंड ठेवणारा तिसरा कूलर ठेवला. "अक्का, हा पाण्यावर चालतो. मशीन कितीही ताणलं तरी शेजारच्या खोलीत ऐकू येणार नाही." त्यांनी तो हातात घेऊन परत सरकवला. देवपूरच्या घरात मुलाचा कॉम्प्युटर पिठाच्या गिरणीसारखा घुमायचा. ललित गेम खेळायला बसला की भाकरी थापता थापता स्वयंपाकघरातून त्या ओरडायच्या, "बंद कर ते." नोकरी लागली तसा कॉम्प्युटर उचलून तो पुण्याला गेला. तेव्हापासून भिंतीपलीकडे काहीच वाजत नव्हतं. "आवाज करणारा पंखा नही शे का, भाऊ?" त्यांनी विचारलं. "असा कोणी मागत नाही, अक्का. घरी चालवणार कोण?" "कोणी नाही. चालू कसं करायचं तेवढं दाखव. बंद कर म्हणून ओरडायला मी शे."