कुकर नागपूरला, झाकणं नाशिकला

उन्नती नापास झाली. पण हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजू, कारण सध्या ती वडपे गावातल्या गोडाऊनमध्ये मुदस्सिर सरांच्या टेबलासमोर उभी आहे आणि पास व्हायची तिला पुरेपूर आशा आहे.

कॉलेजचा नियम साधा होता. शेवटचं सेमिस्टर कंपनीत राबायचं आणि कंपनीकडून सही-शिक्क्याचा शेरा आणायचा. शेरा नाही तर डिग्री नाही. आज शेवटचा दिवस. आणि आजच सकाळी कळलं, की तिने भरून दिलेल्या एका ट्रकमधून कुकर नागपूरला गेले आणि दुसऱ्यातून त्यांची झाकणं नाशिकला.

"झाकणं कुठंयत?" सरांनी विचारलं.

"वाटेत असतील, सर."

"कुठल्या वाटेत?"

फोर्कलिफ्टवरून जीवन ओरडला, "तिला काय इचारता, सर? नाशिकवाले बोंबलतायत. झाकना हायत, कुकर न्हायत!"

"तू तुझी गाडी बघ रे," उन्नती पुटपुटली.

सरांनी मोबाईलमध्ये काहीतरी टिपलं. सगळं गोडाऊन त्यांना टरकून असायचं. कुणी शिंकलं तरी 'असं का केलंस?' विचारून ते टिपून घेत.

"सच बोल, उन्नती."

"चूक माझीच, सर. खोकी सारखीच दिसत होती. काय लिहायचं ते लिहा, पण शेरा द्या. आईने शेलार गावात अख्ख्या आळीला पेढे कबूल केलेत."

पंखा सरांच्याच तोंडावर होता, तरी ते घामाघूम झाले. "सही माझ्या हातात नाही. वर विचारतो."

मुंबई ऑफिसच्या हेमाली मॅडमना फोन लागला. स्पीकरवर. मॅडमनी सगळं ऐकलं.

"झाकणं पण?"

"जी, मॅडम."

"तिच्या हातात पेन द्या. मी सांगते तसा अर्ज लिहू दे."

राजीनामा, उन्नतीच्या मनात आलं. नोकरी नसताना राजीनामा. तरी तिने पेनाचं टोपण काढलं.

"माननीय मालक यांस," मॅडम सावकाश सांगू लागल्या. "विषय, माणूस मिळणेबाबत. महोदय, उन्नती, मुदस्सिर, हेमाली व फोर्कलिफ्टवरील जीवन, आम्ही चौघेही आपापल्या कॉलेजांनी पाठवलेले शिकाऊ विद्यार्थी असून, आमच्या शेऱ्यांवर सही करण्यास कंपनीत एकही पगारी इसम आढळून येत नाही. तरी असा एक इसम तातडीने नेमण्यात यावा, ही नम्र विनंती."