शांभवी मेस

परदेशी कोला विकणाऱ्या समोरच्या नव्या हॉटेलानं दिव्यांचा बोर्ड लावला आणि वादिराजच्या मेसची गिऱ्हाइकं भराभरा तिकडं वळली. मग त्यानंही बोर्ड करून घेतला, त्याहून मोठा, बायकोच्या नावाचा.

"अहो, माझं नाव कशाला?" शांभवीनं विचारलं.

"अगो, बाईचं नाव वाचलं की लोकांना घरचं जेवण वाटतं. मान तुझा, गल्ला माझा!"

बोर्ड पेटला, मेस भरली. पण दिवाळी उलटली की तंजावरभोवतीच्या भातशेतांतून हिरवे किडे उठतात आणि दिसेल त्या दिव्यावर तुटून पडतात. शहाणा दुकानदार तेवढे दिवस जेवणाच्या वेळी बाहेरचा दिवा मालवतो.

"आपणही मालवू या," शांभवी म्हणाली. "वाढताना किडे सांबारात पडतात."

"समोरचा मालवतो का? मग मीच का अंधारात बसू?" म्हणत वादिराजनं भातपिकावर मारायचं औषध आणलं आणि बोर्डावर सढळ हातानं फवारलं. किडे मेले खरे, पण औषधासकट बोर्डाखालीच दारात मांडलेल्या सांबाराच्या उघड्या पातेल्यात गळत राहिले.

त्या संध्याकाळी जेवलेल्यांपैकी तिघं इस्पितळात वारले. इन्स्पेक्टर दारात आला.

"मेस कुणाची?"

शांभवीनं नवऱ्याकडं पाहिलं. गल्ल्याची किल्ली वेष्टीच्या कनवटीला खोचून वादिराजनं लखलखत्या बोर्डाकडं बोट दाखवलं.

"वाचा की, सार. हिची."